प्रभुभोजनाला न उठणारे भाऊ

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते चर्चच्या फाटकातच थांबायचे. बायबल काखेत, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत. मागून बायको आली की विचारायचे, "माझ्याविरुद्ध काही आहे का गं?"

ती म्हणायची, "नाही. चला आत, पहिलं गीत संपत आलं."

मग ते आत येऊन प्रभुभोजन घ्यायचे. पण ज्या महिन्यात ती "आहे" म्हणायची, त्या महिन्यात सगळी मंडळी भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे उठायची आणि हे बाकावर बसून राहायचे. कुणाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर ते मिटवल्याशिवाय त्या मेजाजवळ जाऊ नये, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. ऐकतो म्हणजे फक्त ऐकतोच. करणारा माणूस मी हा एकच पाहिला.

आता ते नाहीत. मोरिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते, राहायला बदलापूरला बेलवलीत. बायको उल्हासनगरच्या एका दवाखान्यात नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणायचे आणि यांना भाऊ. अंबरनाथच्या आमच्या चर्चमध्ये त्यांचा बाक माझ्या बाकाच्या पुढे, त्यामुळे त्यांच्या संसाराची खडान्‌खडा माहिती मला आहे, असा माझा समज होता.

मी तेव्हा महिला मंडळाची अध्यक्ष. शिक्षण सातवी, पण मी बोलायला उभी राहिले की पाळकसाहेब पंखे बंद करायला सांगायचे. मला वाटायचं, आवाज मागेपर्यंत पोचावा म्हणून. खरं कारण पुढे कळलं, मी घामाने बेजार होऊन लवकर बसावं म्हणून!

कुटुंब सप्ताहात माझा ठरलेला विषय 'चांगला ख्रिस्ती नवरा'. सात मुद्दे. ते मी आमच्या ह्यांच्याकडे बघून काढले होते, त्यांच्यात जे जे नाही ते. तिसरा मुद्दा असा, की नवरा कुटुंबाचं मस्तक आहे, निर्णय त्याने घ्यावा, बायकोच्या डोक्याला ताप देऊ नये. आणि घरी? आमचे हे भाजी आणायला निघाले तरी कुठली आणायची ते मी ठरवायची, आणून झाल्यावर ती चुकली हेही मीच ठरवायची.

एकदा मी ह्यांना म्हटलं, "शिका जरा भाऊंकडून. विचारतात तरी बायकोला."

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मी विचारलं तर तुझी यादी संपेपर्यंत प्रभुभोजन काय, दुपारचं जेवणही चुकेल."

तर एका वर्षी भाऊ बसून राहिले. एक महिना, दोन महिने, तीन महिने. असे सात पहिले रविवार गेले. मंडळीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे बाटली, कुणी म्हणे बाई. खोटं कशाला सांगू, यातलं दुसरं कारण मीच पुरवलं होतं.

शेवटी मला राहवेना. नऊवारी लुगडी नेसणाऱ्या माझ्या आजीलाही शोभेल अशा ऐटीत मी बेलवलीला गेले. सिस्टर नुकतीच ड्यूटीवरून आली होती, पाय गरम पाण्याच्या टपात.

"मावशी, त्यांनी पाठवलं का तुम्हाला?"

"नाही गं. मीच आले."

"मग बसा, चहा टाकते. त्यांनी पाठवलं असतं तर पाणीसुद्धा विचारलं नसतं."

मी क्षमेवर सुरू झाले. तिने मला अर्धा कप होईपर्यंत बोलू दिलं आणि मग सांगितलं. एका मिशन दवाखान्यात मेट्रनची, म्हणजे सगळ्या नर्सांच्या प्रमुखाची जागा होती. बाहेरगावी, राहायला क्वार्टर. तिने अर्ज केला होता. ड्यूटीवर मोबाईल लॉकरमध्ये, म्हणून नंबर नवऱ्याचा दिला. त्या मिशन दवाखान्यातून फोन आला, "बाईंची निवड झाली." भाऊंनी परस्पर सांगितलं, "नको, तिला झेपणार नाही, पाय दुखतात." आठ दिवसांनी बायकोला कळलं. तोवर जागा भरली होती.

"आणि मला म्हणतात कसे, तुला ताप नको म्हणून मीच ठरवून टाकलं. मावशी, तुमचाच तिसरा मुद्दा."

चहा मी तसाच ठेवला आणि उठले. क्षमेवरचं माझं उरलेलं भाषण अजून उरलेलंच आहे.

पुढच्याच महिन्यात भाऊंच्या छातीत दुखू लागलं. बायपास ठरली. ऑपरेशनसाठी भरती व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी पाळकसाहेब त्यांच्या घरी प्रभुभोजन द्यायला निघाले, गीत म्हणायला मला सोबत घेतलं. पाळकसाहेबांनी छोटी पेटी उघडली, टीपॉयवर भाकर ठेवली, पेल्यात द्राक्षरस ओतला. भाऊ उशीला टेकून बसले होते. त्यांनी हात पुढे केला नाही. बायकोकडे बघत राहिले.

सिस्टर म्हणाली, "घ्या."

"माफ केलंस, की मी मरेन म्हणून?"

"मराल म्हणून," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

"मग राहू दे."

माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. पाळकसाहेबांनी पेल्यावर रुमाल झाकला. आणि भाऊ खाली मान घालून बोलू लागले.

"तुझ्या पायांसाठी नव्हतं गं ते. सात महिने मी तेच सांगतोय, पण नव्हतं. तू तिकडे मेट्रन होणार, सगळे तुला उठून उभे राहणार आणि मी इथे एकटा कुकर लावणार. मला भीती वाटली. तू परत येशील की नाही, याची."

 सिस्टरने पदराने नाक पुसलं, हात धुऊन आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"मेट्रन तर मी झालेच असते हो," ती म्हणाली. "आणि दर शनिवारी घरीसुद्धा आले असते." मग पाळकसाहेबांकडे वळून म्हणाली, "साहेब, आता द्या त्यांना."

प्रार्थनेला डोळे मिटायचे असतात. मी अध्यक्ष असूनही उघडे ठेवले. भाऊंनी हात पुढे केला, पण सिस्टरने पेशंटला धरतात तसा त्यांच्या मानेखाली हात घातला आणि पेला ओठांना लावला. थोडा रस सांडला.

"हळू," ती म्हणाली, "हा डाग निघत नाही."

"नको निघू दे," भाऊ म्हणाले.

मी गीत सुरू केलं, ते इतक्या वरच्या पट्टीत, की दुसऱ्या ओळीला माझाच आवाज फाटला. तिघंही हसले.