रस्त्यात दाखवलेला हात

एका मंगळवारी सकाळी हिंजवडीत कंपनीच्या बसमधून उतरून रस्ता ओलांडताना माझी मुलगी टँकरखाली गेली.

ती ड्रायव्हरविना चालणाऱ्या गाड्यांवर काम करत होती. रस्त्यावरची माणसं गाडीला ओळखायला शिकवायची, असं ते काम. त्यांची गाडी सिग्नल पाहून थांबे, पट्टे पाहून थांबे. पण पुण्यातला माणूस कुठूनही रस्त्यात उतरतो आणि येणाऱ्या वाहनाला नुसता तळहात दाखवतो. त्या हाताचा अर्थ गाडीला लागत नव्हता. मला तो कुणी शिकवल्याचं आठवत नाही. तिला मी शिकवला होता, शाळेत सोडायला जाताना. हात वर करायचा, ड्रायव्हरकडे बघायचं, मग चालायचं. थांबतात.

म्हणून एका रविवारी तिने मला बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानांसमोर उभं केलं आणि मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला लागली.

"बाबा, परत एकदा. आणि घाबरल्यासारखं करू नका."

"करत नाहीये. घाबरलोच आहे."

एका रिक्षावाल्याने ब्रेक दाबला. "काय आजोबा, शूटिंग का? हिरॉईन कुठंय?"

"कॅमेऱ्यामागे!" ती ओरडली. "थांबलात ते बरं केलंत. तुमचा हा व्हिडिओ आमच्या गाडीला दाखवते. तिला ड्रायव्हर नसतो."

"मग शिव्या कोण देणार?" असं म्हणून तो निघून गेला. ती फुटपाथवर बसून हसत राहिली. त्या व्हिडिओच्या शेवटी तिचं ते हसणंही आलं असणार.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी तिच्याबरोबर काम करणारा एक मुलगा तिचं ऑफिसमधलं सामान घेऊन घरी आला. चहा निवत होता. मला एकच विचारायचं होतं.

"तिने हात दाखवला होता?"

"हो काका. बसमधल्या सगळ्यांनी पाहिलं. टँकरवाला मोबाईलमध्ये बघत होता."

मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, तो म्हणाला, "आता आपली गाडी हात ओळखते. तुमच्याच व्हिडिओवरून शिकली. थांबते."

"कुठे?"

"कंपनीच्या आवारात. रस्त्यावर यायला अजून..." त्याने गार झालेल्या चहाचा कप उचलला.

आयुष्यभर काही अडलं की मी पुस्तक उघडत आलो. आताही या गाड्यांवरचं हाती लागेल ते वाचलं. सगळीकडे लिहिलंय, या गाड्या रस्त्यावर येतील तो दिवस येणारच आहे. माणसं चुकतात, दमतात, दुसरीकडे बघतात. गाडी तसं करणार नाही. खरं असेल. तो दिवस आला, तर मला त्याचं काय करायचं ते कळत नाही. ज्या एका हातासाठी गाडी थांबायला हवी होती, तो आता रस्त्यात नाही.

पुस्तकांची दुकानं रस्त्याच्या पलीकडे आहेत. मी आता अलीकडच्याच फुटपाथवरून चालतो आणि घरी येतो.