घरचे आणि पाहुणे

वारज्याच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या गृहस्थांचा पाय टेबलाखाली सतत हलत असे. आमच्या सॉफ्टवेअरला जोडायचं प्रत्येक प्लगिन ते आधी वेगळ्या मशीनवर चालवून बघत आणि दार किलकिलं करून विचारावं तसं पुटपुटत, "कोण आपण? काम काय?" खात्री पटली की फळ्यावर त्याचं नाव 'पाहुणे'मधून 'घरचे'मध्ये जाई. मला मात्र ते "अरे गाढवा" अशीच हाक मारत.

एकदा घाईत मी माझं प्लगिन त्यांना न दाखवता थेट चढवलं. सगळं सॉफ्टवेअर बंद पडलं. त्यांनी ते काढून टाकलं, सगळं पुन्हा सुरू केलं. शिव्यांची वाट बघत मी उभाच होतो.

त्यांचा पाय थांबला होता. म्हणाले, "बसा आपण."