घड्याळाखाली थांबा

नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं कलकत्ता पाहायला गेलो आणि तिथल्या बाजारात मी हरवलो. तेव्हा माझं वय एक्कावन्न वर्षं होतं.

चौघं म्हणजे मी, बायको वंदना, कॉलेजात शिकणारी मुलगी रुचा आणि माझी आई. आई शहात्तर वर्षांची. भंडाऱ्याकडच्या लाखनीहून लग्न होऊन भिलाईला आली, तेव्हापासून ती मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या तिन्ही भाषा एकाच वाक्यात बोलते. कोणी हरवलंच तर ती हरवेल, असा सगळ्यांचा अंदाज होता. माझा तर ठाम.

मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये सेफ्टी डिपार्टमेंटला आहे. हेल्मेट घाला, पट्टा बांधा, पिवळ्या रेषेच्या आत चाला, हे दिवसभर लोकांना सांगण्याचा मला पगार मिळतो. ही सवय घरी येताना गेटवर जमा करता येत नाही. त्यात एकोणीस वर्षांपूर्वी मी तीन दिवसांच्या ट्रेनिंगला कलकत्त्याला जाऊन आलो होतो (त्यातले दोन दिवस पोट बिघडून हॉस्टेलच्या खोलीत काढले, हे घरी कोणाला माहीत नाही). त्यामुळे आमच्या तुकडीचं पुढारीपण मी कोणाला न विचारता घेऊन टाकलं.

शेवटच्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत मी तिघींना ओळीनं पलंगावर बसवलं.

"आज न्यू मार्केट. भल्ली गर्दी राहते तिथं. कोनी हरवलं त इकडं तिकडं पळायचं नाही. मोठ्या घड्याळाखाली जाऊन थांबायचं."

"फोन आहेत ना," वंदना म्हणाली.

"फोनवर भरोसा नको ठेवू. आजकाल घरच्या मानसाचा हुबेहूब आवाज काढतात आन् पैसे मागतात. अनोळखी नंबरवरून कोनी म्हनलं का मी अमका बोलून राहिलो, त पहिले पासवर्ड विचारायचा."

हा पासवर्ड मी दिवाळीतच ठरवून दिला होता. रुचानं तेव्हा डोळे फिरवले होते. आईनं मात्र तो पाठ केला होता.

"सांगनं झालं असंन त चाल," आई उठत म्हणाली. "मले कावून सांगून राहिला एवढं? हात धरून चालनारं मानूस हरवत नाही. पुढं पुढं पळनारं हरवते."

मी हसलो. सेफ्टीवाल्याला असं बोलणारे रोज भेटतात.

दुपारपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांपेक्षा माणसं जास्त होती, आणि लाल टोप्या घातल्यामुळे ती जास्त बघण्यासारखी होती. वाघ पाठ करून झोपला होता. आईनं त्याला पाच मिनिटं दिली.

"आपल्या मैत्री बागेतला बरा हाये," ती म्हणाली. "थो उठून चालते तरी."

व्हिक्टोरियाच्या पांढऱ्या इमारतीसमोर ती म्हणाली, "पोछा कोन मारत असंन इथं?" इतिहासावरचं माझं भाषण तिथंच संपलं.

चारच्या सुमाराला आम्ही न्यू मार्केटात शिरलो. आमची परतीची गाडी हावड्याहून संध्याकाळी आठला होती. सामान स्टेशनवर ठेवलेलं, हातात तीन तास, आणि वंदनाच्या हातात यादी. बोरसीच्या मावशीपासून वैशाली नगरच्या वहिनीपर्यंत सगळ्यांची नावं तीत होती.

बाजार रोषणाईनं नुसता पेटला होता. केकच्या दुकानांपुढे रेशनसारख्या रांगा. कागदी तारे, खोट्या दाढ्या, खरे धक्के. रुचाचा फोन फोटो काढून काढून मेला होता, म्हणून तिनं माझा घेतला. बदल्यात मला पिशव्या मिळाल्या. आधी दोन, मग चार. वंदनानं आदल्या दिवशी घेतलेली मरून रंगाची शाल पांघरली होती, तेव्हा मी साधा हिशेब केला: शालीवर नजर ठेवायची आणि मागं चालत राहायचं.

शाल चालली की मी चाललो. शाल थांबली की मी थांबलो. मध्ये एका बाईनं मला ढकललं, एका फुगेवाल्यानं माझ्या कानाजवळ फुगा फोडला, पण मी शाल सोडली नाही. शालीनं मागं न बघता हात लांब करून एक पिशवी दिली, मी घेतली. आणखी एक दिली, ती पण घेतली. बावीस वर्षांच्या संसारात खरेदीच्या वेळी आमचं बोलणं याहून जास्त कधी झालेलं नाही.

केकचे तीन डबे आले तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"एवढे केक कोनाले पायजे?" मी मागून म्हणालो. "तुह्या भावाले देशीन, आन् थो म्हनंन का दिवाळीतला चिवडा बरा होता. त्याले खायची अक्कल हाये का?"

शाल काही बोलली नाही. मला आश्चर्य वाटलं. भावाबद्दल बोललेलं वंदना सहसा सोडत नाही. मी हुरूप येऊन तिच्या वहिनीवर आलो, मग वहिनीच्या माहेरावर. बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी माझ्या सासरचं एकूण एक माणूस घेतलं, आणि शाल शांतपणे ऐकत होती. इतका सुखाचा संसार मी कधी केला नव्हता.

बाहेर रस्त्याला लागल्यावर शाल एका गाडीजवळ थांबली आणि डिकीकडे बोट करून म्हणाली, "ओखाने राखो."

"वा," मी म्हणालो, "तू बंगाली कधी शिकली?"

शाल वळली. आत वंदना नव्हती. साठीच्या, चष्मा लावलेल्या एक बंगाली बाई होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या पिशव्या बघितल्या, मग माझ्या छातीकडे बघितलं. थंडी म्हणून मी प्लांटचं निळं जाकीट घातलं होतं. त्याच्या खिशावर माझा टोकन नंबर शिवलेला आहे. त्या बाजारातल्या हमालांच्या छातीवरही नंबराचे बिल्ले असतात, हे मला नंतर कळलं.

"आप कुली नहीं है?" बाईंनी विचारलं.

"जी नहीं. मैं भिलाई में सेफ्टी ऑफिसर हूँ."

"तो आप सामान क्यों लिया?"

मी त्यांच्या पिशव्या निवडून गाडीत ठेवल्या.

मी सगळी हकिगत सांगितली. बाई फार सज्जन. त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, माझं कोपर धरलं आणि मला बाजाराच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली नेऊन उभं केलं. रस्ता ओलांडताना त्यांनी मला दोन्हीकडे बघायला लावलं.

मनोऱ्याखाली आमच्यापैकी कोणी नव्हतं. दहा मिनिटं गेली. वीस गेली. वर घड्याळ चालू होतं आणि खाली मी येणारी प्रत्येक मरून शाल निरखत होतो. सहा वाजायला आले होते. तिकिटं माझ्या फोनमध्ये, फोन रुचाकडे, आई गर्दीत, आणि गाडी आठची.

"फोन कीजिए," बाईंनी आपला फोन पुढे केला.

जिच्यासोबत बावीस वर्षं काढली त्या बायकोचा नंबर मला पाठ नाही. पण स्वतःचा होता. मी तो लावला. रुचानं उचलला.

"बेटा, मी बाबा बोलून राहिलो. मी अडकलो इथं."

पलीकडे आधी बाजाराचा गोंगाट. मग एकदम कडक आवाजात, "पासवर्ड?"

मला पासवर्ड आठवेना.

"अगं, मी बाबा होय!"

"सब यही बोलते हैं. पासवर्ड बताओ."

"लाखनी," मी म्हणालो. आईचं गाव.

"गलत."

"मैत्री बाग. सेक्टर दहा. भंडारा. थांब, थांब, रसमलाई."

"आजी, कोई बाबा की आवाज़ में बोल रहा है," रुचा बाजूला म्हणाली. "सेम टू सेम. बॅकग्राउंडमध्ये गाडीचे हॉर्न पण टाकले."

"दे मले," आईचा आवाज आला. माझा जीव भांड्यात पडला. नऊ महिने पोटात वागवलं तिनं. ती ओळखणारच.

"कोन होय रे तू, मुडद्या?" आई म्हणाली. "माह्या पोराचा आवाज काढतं? माहा पोरगा सेफ्टीत हाये. थो काय एवढा बावळा हाये का कलकत्त्यात हरवाले? ठेव फोन, नाही त पोलिसाले देतो."

फोन कट. माझ्याबद्दल आई इतकं चांगलं आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती, आणि मला ते ऐकून रडू येत होतं. पुन्हा लावला, लागला नाही. रुचानं तो नंबर ब्लॉक केला होता. मीच शिकवलं होतं.

आता मला आणखी एकच नंबर पाठ होता. आमच्या सेफ्टी कंट्रोल रूमचा. प्लांटच्या निम्म्या भिंतींवर तो मीच लाल रंगात लिहून घेतला आहे. मी तो फिरवला.

"सेफ्टी कंट्रोल. घटना बताइए." ड्यूटीवर साहू होता, माझ्या हाताखालचा.

"साहू, मैं बोल रहा हूँ. मैं गुम गया हूँ."

रजिस्टर उघडल्याचा आवाज आला. "कौन से डिपार्टमेंट में, सर?"

"कलकत्ता में."

"जी सर. टाइम बता दीजिए, रजिस्टर में चढ़ाना पड़ेगा. कोई इंजरी?"

"नहीं."

"तो नियर मिस लिख दूँ, सर?" अपघात होता होता वाचला की आम्ही त्याला नियर मिस म्हणतो. व्याख्या साहूला मीच पाठ करायला लावली होती.

"साहू, वो सब छोड़. मेरे नंबर पे फोन लगा और मैडम को बोल कि मैं घंटाघर के नीचे खड़ा हूँ."

साहूचं नाव माझ्या फोनमध्ये असल्यामुळे त्याच्याकडून पासवर्ड मागितला गेला नाही. पाच मिनिटांत तिघी आल्या. घाईत नव्हत्या. आईच्या हातात मातीचा चहाचा कप होता.

"कुठी होते तुमी?" मी ओरडलो.

"घड्याळाखाली," वंदना म्हणाली. "तुमीच त सांगितलं होतं."

मागच्या गल्लीत घड्याळांचं एक दुकान आहे. त्याच्या पाटीवर हंड्याएवढं घड्याळ रंगवलं आहे. त्याच्याखाली, दुकानदारानं दिलेल्या तीन स्टुलांवर बसून, त्या पाऊण तास माझी वाट बघत होत्या. मी संडास शोधायला गेलो असेन असा त्यांचा समज होता.

मग आई आणि त्या बंगाली बाई बोलत उभ्या राहिल्या. आई छत्तीसगढीत, बाई बंगालीत. दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं, कारण विषय मी होतो. बाई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, आणि आई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होती, "लइकाच ले अइसने हे, बहिनी." लहानपणापासून असाच आहे.

बाईंनी आम्हाला त्यांच्याच गाडीतून हावड्याला सोडलं. पुलावर गाड्या मुंगीसारख्या चालल्या होत्या. मी दर मिनिटाला घड्याळ बघत होतो. आई खिडकीला नाक लावून बसली होती.

"ड्रायव्हरभाऊ, जरा धीरे धीरे चलाव," ती म्हणाली. "पूल दिसून राहिला छान."

गाडी आम्ही पकडली. ती सुटल्यावर तीन मिनिटांनी मी श्वास सोडला आणि रुचाला विचारलं, "काय होता गं पासवर्ड?"

"तुमसर," ती म्हणाली.

तुमसर म्हणजे वंदनाचं माहेर. लाखनी, भंडारा, मैत्री बाग, रसमलाईसुद्धा आठवली आणि तुमसर आठवलं नाही, हे वंदनानं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिनं बाईंकडून कळलेली दुसरी गोष्ट काढली. आपल्यामागे तो माणूस अर्धा तास मराठीत काय बोलत होता, असं बाईंनी तिला विचारलं होतं. मराठी त्यांना येत नव्हती, पण 'भाऊ', 'वहिनी' आणि 'अक्कल' एवढे शब्द त्यांच्या लक्षात राहिले होते. राउरकेला येईपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही. नंतर बोलले, ते सगळं इथं लिहिता येत नाही.

सोमवारी कामावर गेलो तर सकाळच्या सेफ्टी मीटिंगमध्ये साहू फळ्यासमोर उभा होता. फळ्यावर 'केस स्टडी' असं लिहिलेलं, खाली मनोऱ्याचं चित्र. "नाम नहीं लूँगा," तो म्हणाला, आणि सगळ्या शिफ्टनं वळून माझ्याकडे पाहिलं. प्रश्नोत्तरं पंधरा मिनिटं चालली. माझ्या कोणत्याही भाषणाला आजवर एकही प्रश्न आलेला नाही.

संध्याकाळी शेजारच्या देशमुख वहिनी आल्या. आई पाट टाकून अंगणात बसली होती. मी कुंडीला पाणी घालण्याचं सोंग करत होतो.

"काकू, कलकत्त्याहून काय आनलं?" वहिनींनी विचारलं.

आईनं माझ्याकडे बोट केलं. "ह्याले."

वहिनींनी मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. मग आवाज जरा खाली आणून आईला विचारलं, "कावून काकू, तिथं बदलून नाही देत का?"