कौलांवरचा दात

रामनगरच्या शाळेत कबड्डी खेळताना एकीचा गुडघा तोंडावर बसला आणि माझा पुढचा दात मुळासकट पडला. तो मुठीत धरून मी घरी पळाले. दुधाचे दात केव्हाच पडून गेले होते, तरी आईनं सवयीनं तो कौलांवर भिरकावला आणि मला बेळगावच्या बसमध्ये घातलं. रक्त थांबत नव्हतं.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "दात कुठाय? लगेच बसवला तर धरतो."

"कौलावर हाय," आई म्हणाली.

ते भडकले. "खेळताना दातांवर रबरी कवच तरी घालायचं."

परतताना मी आईला सोडून मागच्या सीटवर जाऊन बसले.

पुढं धाकटी बहीण खेळायला निघाली की आई दारातच तिचं तोंड उघडायला लावायची. कवच दिसल्याशिवाय सोडायची नाही. पावसाळ्याआधी कौलं परतायला माणूस आला की त्याच्याआधी स्वतः शिडी चढायची. काय शोधतेस, असं तिला कुणी विचारलं नाही.