पलीकडच्या खोलीतलं मशीन

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. मुलाला सांगितली नाही, मित्रांना नाही, आणि जिला सांगायला हवी होती त्या माझ्या बायकोला तर नाहीच. आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे की मला झोपताना जरासुद्धा आवाज चालत नाही. ते खोटं आहे. मला शांततेत झोप येत नाही. कधीच येत नव्हती.

भोसरीत पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये मी सगळी नोकरी काढली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही कॉम्प्रेसरच्या खोलीशेजारी पुठ्ठे अंथरून पडायचो. त्या घरघरीत काय डोळा लागायचा! लाइट जाऊन कॉम्प्रेसर थांबला की मात्र सगळे एकदम उठून बसायचे.

"काय झालं राव?"

"काय न्हाई भावा, शांत झालं."

घरी, आकुर्डीच्या दोन खोल्यांत, बायकोचं शिलाई मशीन होतं. ती निघोजे गावची. लग्नात तिच्या वडिलांनी ते दिलेलं. मी रात्रपाळी करून सकाळी यायचो, अंघोळ करून, चार घास खाऊन आडवा व्हायचो, आणि ती पलीकडच्या खोलीत गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायला बसायची. पायडलची खडखड, मग कापड फिरवायला क्षणभर थांबणं, मग पुन्हा खडखड. एक बाही होईपर्यंत मी झोपलेलो असायचो. हे तिला कधी बोललो नाही. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

एकदा रात्रपाळीत सुपरवायझरनं सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली होती. सकाळी घराकडे वळलो तर गल्लीच्या तोंडाशी सिलिंडरवाल्यानं विचारलं, "टेलरबाईंचे मिस्टर ना तुम्ही?" घरात दोन बायका मापं द्यायला बसलेल्या. त्यातली एक हसत म्हणाली, "आले बाई तुमचे साहेब. आता आमचा चहा राहिला!"

मी ओरडलो, "बंद कर ते मशीन! रात्रभर खपून आलेल्या माणसाला घरात झोप नाही?"

बायका कापडं गोळा करून निघून गेल्या. तिनं मशीनवर कव्हर घातलं. मी जाऊन पडलो. नळ ठिबकत होता, तेवढाच आवाज. झोप आली नाही.

वाटलं होतं, एक-दोन दिवसांनी ती परत शिवायला बसेल. ती बसली नाही. उलट माझ्या झोपेची काळजी घ्यायला लागली. हातातल्या बांगड्या कमी केल्या. कुकर बंद करून डाळ पातेल्यात शिजवायला लागली. पोराला दुपारभर शेजारी पाठवायची. आणि आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या ह्यांची झोप लई हलकी हाय. पाल चुकचुकली तरी जागं व्हत्यात." ते सांगताना तिच्या आवाजात काळजी असायची, आणि थोडा अभिमानही. आतल्या खोलीत मी टक्क जागा राहून ते ऐकायचो.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण झोपेचं कारण खोटं, असं म्हटलं की खरं कारण सांगावं लागलं असतं. म्हणून मी डोळे मिटून पडून राहायचो. सगळं घर माझ्यासाठी चवड्यांवर चालत होतं, मग झोपल्याचं सोंग तरी नीट करायला नको?

"लागली का झोप?" ती चहा देताना विचारायची.

"लागली की."

शेवटी ते मशीन तिनं माहेरी भावजयीला देऊन टाकलं. टेम्पोत चढवायच्या आधी तेल घालून, पुसून लख्ख केलं. म्हणाली, "हितं गंजण्यापरीस तिथं चालंल तरी."

मी ते टेम्पोत चढवायला हात लावला.

रिटायर झाल्यावर आम्ही मोशीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सून हिंजवडीला नोकरीला जाते. तिला कॅबमध्ये असो की घरी, मोबाइलवर पावसाचा आवाज लावल्याशिवाय झोप येत नाही. एका रविवारी दुपारी ती माझ्याजवळ मोबाइल घेऊन बसली. "बाबा, तुम्ही दुपारी नुसते तळमळत असता. हे ऐका." पाऊस झाला, समुद्र झाला, पंखा झाला. "अजून काय लावू? सगळं मिळतं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "शिलाई मशीन आहे का?"

"बाबा, काहीही हं!" ती हसली.

दारात बायको तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला. "तुमाला तर आवाज चालत न्हाई."

"सहज म्हटलं," म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तांदळाचं स्टीलचं ताट घेऊन माझ्या पायथ्याशी येऊन बसली. बोटांखाली दाणे सरकायचे, मध्येच ती थांबून खडा टिपायची, मग पुन्हा सरसर. मी कधी झोपलो ते मला कळलं नाही. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. ताटातले तांदूळ स्वच्छ होते, निवडायला काही उरलं नव्हतं. तिचा हात मात्र त्यांतून फिरतच होता.

"झाले नाहीत अजून?"

"मगाशीच झालं."

"मग?"

"तुमी झोपला हुता." आणि ती चहा टाकायला उठली.

त्यानंतर ती रोज दुपारी यायची. तिनं एका शब्दानं काही विचारलं नाही. मीही रोज ठरवायचो, उद्या चहा घेताना सांगू. थंडीत ती आजारी पडली आणि थोड्याच दिवसांत गेली.

सुनेनं मध्यंतरी शोधून शिलाई मशीनचा आवाज लावून दिला. चांगला आहे. पण तो एकसारखा चालत राहतो, कापड फिरवायला थांबतच नाही. त्या आवाजात पडल्या पडल्या मी रोज तेच बोलतो, जे चहा घेताना बोलायचं राहिलं.

अगं, तुझं मशीन मला कधीच नडलं नाही. लोकांनी मला तुझ्यावरून ओळखलं, ते नडलं. माझं चुकलं.