गाळ लागला
ओल्या गाळाचा वास आला की मी मनानं मुखेडजवळच्या आटत आलेल्या तलावावर जातो. ध्रुवाकडच्या सरोवराच्या तळातल्या गाळाचे नमुने घ्यायला निघण्याआधी आम्ही संशोधक तिथं गाळात पोकळ नळी ठोकायचा सराव करत होतो. गाळाचे थर न मोडता वर आले, तरच तिथलं जुनं हवामान वाचता येतं, आणि आमचा गाळ नळीतून सारखा निसटत होता. आम्ही बोअर घेतोय असं समजून गावकरी नारळ घेऊन आले. तेवढ्यात नळी अख्खी भरून वर आली.

"पानी लागलं का?" एका मावशीनं विचारलं.

"न्हाई मावशी, गाळ लागला," मी म्हणालो.

"लागलं नव्हं काहीतरी," म्हणत तिनं नारळ फोडलाच.

पुढं गोठलेल्या सरोवरातून पहिली नळी अख्खी आली, तेव्हा बर्फावर उभ्या प्रत्येकाच्या हातावर मी मुखेडहून नेलेलं सुकं खोबरं ठेवलं.