क्रमांक ४७ : बुरशी

माझ्या याद्यांमध्ये एक नोंद खोटी आहे. सात वर्षं झाली. घरात कुणाला माहीत नाही, कारखान्यात तर नाहीच. आज तुम्हाला सांगायला बसले आहे — आणि बसल्यावरही आधी दुसरंच काहीतरी सांगावंसं वाटतंय.

मग तेच आधी सांगते. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कुठलं बेअरिंग कुठल्या मांडणीवर आहे, हे मला डोळे मिटून सांगता येतं. गारखेड्यात घरीही तेच — औषधांची यादी, किराण्याची यादी, कुणाकुणाचा डबा परत करायचा आहे त्याची यादी. छंद मात्र एकच: अनोळखी माणसांच्या जुन्या सहलींच्या स्लाइड्स जमवायच्या. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला फिल्मचा तुकडा. उजेडासमोर धरला की आत अख्खं माथेरान उभं राहतं. घरं रिकामी करताना लोक त्या भंगारात देतात. उस्मानपुऱ्यातला एक भंगारवाला माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. मी धूळ उडवते, स्कॅन करते, क्रमांक देते, यादीत लिहिते.

सत्तेचाळिसावा क्रमांक म्हणजे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात सात वर्षांच्या सात सहली. दर वर्षी एकच रोल, छत्तीस फोटो. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात बारीक लाल ठिपका — प्रोजेक्टरमध्ये स्लाइड उलटी जाऊ नये म्हणून. आणि प्रत्येक सहलीची एक चिठ्ठी. ती वाचताना मी — कसं सांगू — खुर्चीत सावरून बसले. ‘१४. म्हैसमाळ, कणीस खाताना. हात हलला. माझी चूक.’ ‘२२. वेरूळ, हत्तीपाशी. डोकं कापलं गेलं. माझी चूक.’ असं कोण लिहितं? कुणी विचारणार होतं का त्या माणसाला? खराब निघालेली स्लाइडही त्यानं फेकली नव्हती. क्रमांक घालून तिच्या जागेवर ठेवली होती.

बहुतेक फोटोंत एक बाई आहे. जांभळी साडी, खांद्याला थर्मास. तो तिला उभं करून ‘हस’ म्हणत नसणार, हे उघड दिसतं. ती चपलेचा पट्टा लावते आहे, लेकीच्या तोंडाला लागलेला गूळ पुसते आहे, दरीकडं बघत खुशाल जांभई देते आहे. चौदा क्रमांक खरंच हलला आहे — आणि तोच सगळ्यांत सुंदर आहे. कणीस तोंडाशी धरून ती त्यालाच हसते आहे. तोही हसत असणार, त्याशिवाय हात असा हलत नाही.

सातव्या वर्षीच्या चिठ्ठीवर फक्त एवढंच होतं: ‘३६ पैकी ९. पुढचे काढले नाहीत.’ त्या नऊ फोटोंत बाई नव्हती. मला वाटलं, कॅमेरा बिघडला असेल. मला यंत्रच सुचलं.

मग एका सकाळी कमलताई आल्या. पाचोडहून, बसनं. पन्नाशी उलटलेली, हातात मोसंब्यांची पिशवी. पत्ता भंगारवाल्यानं दिला होता. दारात उभ्या राहून त्या हसल्या — आणि मी ओळखलं. गूळ लागलेलं ते तोंड मी महिनाभर पडद्यावर बघत होते.

“भावानं घर आवरताना बाबांचा डबाच भंगारात घातला बघा,” आत येऊन बसत त्या म्हणाल्या. “आईचा एकबी फोटो नाय आमच्याकडं. लग्नातला हाय, पण त्यात पदर पार नाकापर्यंत. बाबांनीबी तिला त्या दिवशी बघितलं नसंल!” स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. मग म्हणाल्या, “मी नऊ वर्षांची होते ती गेली तवा. आता तिच्यापेक्षा म्हातारी झाले मी. चेहरा आठवाया गेलं की माझाच येतो.”

तेव्हा मला सातवी चिठ्ठी कळली. ऐकताय ना? कळली — आणि त्यानंतरचं मी सांगते आहे.

“लाल ठिपके असत्याल बघा त्याच्यावर. आईचं नेलपॉलिश ते. बाबा मागायचे, तर म्हणायची, माझं एक बोट उघडं ऱ्हातंय तुमच्यापायी.”

डबा त्यांच्या पाठीमागच्या कपाटात होता. चार पावलांवर.

मी म्हणाले, “आला होता डबा. सगळ्यांना बुरशी लागली होती. टाकून दिला.”

का म्हणाले? डबा पुरा होता म्हणून. एकही क्रमांक न गळलेला असा माझ्याकडं तो एकच. मला तो हवा होता. प्रती काढून देता आल्या असत्या, कॉम्प्युटरवर होत्याच की. पण प्रत द्यायची म्हणजे मूळ इथं आहे हे सांगायचं, आणि मूळ तर त्यांचं होतं. याहून मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

 माझ्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “जाऊ द्या मॅडम. तुमची काय चूक त्यात? लोकांच्या आठवणी संभाळता, लई पुण्याचं काम करता.” फोन नंबर आणि घराचा पत्ता कागदावर लिहिला — “चुकून एखादी सापडली तर” — आणि मोसंब्या ठेवून गेल्या.

त्या फाटकाबाहेर पडल्या तशी मी यादी उघडली आणि लिहिलं: ‘४७. बुरशी. टाकून दिला.’ तोंड आणि यादी जुळायला नको? मोसंब्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या. गोड निघाल्या.

त्यानंतर डबा मी किती वेळा उघडला, मोजलं नाही. प्रत्येक वेळी त्या माणसाचं कौतुक वाटलं. हात हलला एवढ्याचीसुद्धा त्यानं नोंद ठेवली. मागच्या आठवड्यात पुण्याहून आलेल्या माझ्या लेकीनं पडद्यावर चौदा क्रमांक बघितला आणि विचारलं, “किती गोड हसतेय गं! कोण ही, आई?” मी म्हणाले, “कुणास ठाऊक.” इतकं पटकन म्हणाले की माझं मलाच ऐकू आलं.

आमच्या फ्रिजवर परत करायच्या डब्यांची यादी असते. शेजारच्या काकूंचा स्टीलचा, वहिनींचा लोणच्याचा. आज त्याखाली लिहिलं: कमलताई, पाचोड — पत्र्याचा. फोन केला नाही. फोनवर सांगितलं की समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही. रविवारी पहिल्या बसनं निघते आहे.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. हा तर भरलेलाच आहे. त्यात माझं म्हणून घालण्याजोगं एवढंच होतं. सात चिठ्ठ्यांवर आठवी ठेवली: ‘४७. बुरशी नव्हती. माझी चूक.’